किनाऱ्यावरचे जीव घरच्या खाऱ्या टाकीत आणताना

ओहोटीला कोकणातला खडकाळ किनारा उघडा पडला की त्याचे पट्टे नुसत्या डोळ्यांना दिसतात. सगळ्यात वर काळपट, जवळजवळ कोरडा कातळ. त्याखाली बार्नेकलचा, म्हणजे खडकाला कायमचे चिकटलेल्या पांढऱ्या खरखरीत कवचधारी जीवांचा पट्टा. मग कालवं आणि हिरवं शेवाळं. आणि अगदी पाण्याच्या कडेला, महिन्यातले मोजकेच दिवस उघडा पडणारा, स्पंज, प्रवाळ आणि समुद्रफुलांनी (फुलासारखे दिसणारे प्राणी, सी ॲनिमोन) भरलेला तळ.

टाकीसाठी कोणता जीव घ्यायचा याचं उत्तर याच पट्ट्यांत आहे. जो जितका वर राहतो तो तितका चिवट. मधल्या पट्ट्यातल्या उथळ डबक्याचं पाणी भर दुपारी ३५ अंशांच्याही वर जातं, वाफ होऊन जास्त खारट होतं आणि भरती आली की पाच मिनिटांत थंड पडतं. हे रोज सोसणारा शंखातला खेकडा तुमच्या टाकीतल्या लहानसहान चुकाही सोसतो. खालच्या पट्ट्यातल्या जीवाला असला चढउतार माहीतच नसतो, तो पहिल्याच चुकीत जातो. रंगीबेरंगी, हात पुढे करावासा वाटणारं सगळं नेमकं खालीच असतं. पहिलं वर्षभर तिथे फक्त बघायला जा.

आधी टाकी

जीव आणून मग टाकी लावणारे बरेच असतात आणि त्यांचे जीव आठवड्याभरात मरतात. टाकी लावल्यापासून पहिला जीव सोडेपर्यंत चार ते सहा आठवडे जायलाच हवेत.

तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद, सव्वा फूट उंच अशी काचेची टाकी घ्या. दगड-वाळू घातल्यावर तिच्यात साधारण १०० लिटर पाणी राहतं. याहून लहान टाकी स्वस्त पडते, पण सांभाळायला अवघड जाते. पाणी कमी असलं की तापतंही पटकन आणि नासतंही पटकन. भरलेल्या टाकीचं वजन दीडशे किलोच्या सहज वर जातं, तेव्हा साध्या टेबलावर ती ठेवू नका. पाणी वरच्या कडेपासून दोन इंच खाली ठेवा आणि वर बारीक प्लास्टिकची जाळी बसवा. किनाऱ्यावरचे बरेच शंख रात्री पाण्याबाहेर चढतात. तो त्यांचा स्वभावच आहे.

पाणी फिरवायला तासाला हजार ते दीड हजार लिटरचा छोटा पंप लावा आणि त्याच्या तोंडाला स्पंज बांधा. वाळू इंचभर पुरे. दगड खाणीतला काळा बेसाल्ट, स्वच्छ घासून. जांभा नको, तो भुसभुशीत असतो आणि त्याची तांबडी माती सुटत राहते. किनाऱ्यावर पडलेले मेलेल्या प्रवाळाचे तुकडेही उचलायचे नाहीत. त्याचं कारण पुढे येईल.

पाण्यासाठी दोन वाटा आहेत. दुकानातलं सागरी मीठ आर.ओ.च्या पाण्यात मिसळायचं, लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम, म्हणजे १०० लिटरला पावणेचार किलोपर्यंत. ते वेगळ्या पिंपात, पंप चालू ठेवून, २४ तास विरघळू द्या. जीव असलेल्या टाकीत कोरडं मीठ कधीच टाकू नका. स्वयंपाकघरातल्या मिठात सोडियम क्लोराइडच असतं, कॅल्शियम, मॅग्नेशियम नसतं, म्हणून ते चालत नाही. दुसरी वाट समुद्राच्याच पाण्याची. ते खाडीच्या तोंडापासून, बंदरापासून आणि सांडपाण्याच्या नाल्यापासून लांब, भरतीच्या वेळी भरावं, दाट कापडातून गाळावं आणि झाकण लावून अंधारात दोन-तीन आठवडे ठेवावं. जून ते सप्टेंबर किनाऱ्यालगतचं पाणी पावसाने पातळ आणि गढूळ झालेलं असतं, तेव्हा ते भरू नये.

खारटपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर घ्या. प्लास्टिकच्या तरंगत्या काट्याच्या हायड्रोमीटरला हवेचा एक बुडबुडा चिकटला तरी आकडा चुकतो. टाकीतल्या पाण्याचं विशिष्ट गुरुत्व, म्हणजे गोड्या पाण्याच्या तुलनेत ते किती जड हे, १.०२४ ते १.०२६ असावं, तापमान २५ ते २८ अंश.

आता ज्याला मत्स्यपालक ‘सायकल होणं’ म्हणतात ते. जीवांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो, तो विषारी असतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते बरंच सुसह्य. नव्या टाकीत हे जिवाणू नसतात. रिकाम्या टाकीत सोललेल्या कोळंबीचा बोटाच्या पेरापेक्षा थोडा मोठा तुकडा पातळ कापडात बांधून सोडा आणि सडू द्या. वास येईल, पाणी धुरकट होईल, होऊ द्या. खाऱ्या पाण्याच्या चाचणी संचाने दर दोन दिवसांनी मोजा. आधी अमोनिया चढेल आणि उतरेल, मग नायट्राइट चढेल आणि उतरेल. दोन्ही सलग आठवडाभर शून्य दाखवू लागले की निम्मं पाणी बदला. त्यानंतर किनाऱ्याचा विचार करा.

एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. या टाकीच्या पाण्याला तांब्याचं किंवा पितळेचं भांडं लागता कामा नये. कवचधारी आणि शंखधारी जीवांना विरघळलेलं तांबं अत्यंत कमी प्रमाणातही मारतं. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवरच्या अनेक औषधांत तेच असतं, म्हणून असलं औषध या टाकीत कधीही घालू नका.

काय उचलायचं नाही

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये अनेक समुद्री जीव संरक्षित आहेत. २००१ साली प्रवाळ, समुद्रपंखे, समुद्रकाकड्या, समुद्रघोडे आणि त्यांचे सुईसारखे लांबट भाईबंद या यादीत आले. काही स्पंज आणि काही मोठे शंखशिंपलेही संरक्षित आहेत. जिवंत असो वा मेलेलं, प्रवाळाचा तुकडा पिशवीत सापडला तरी तो गुन्हा ठरतो. २०२२ च्या दुरुस्तीने याद्या नव्याने मांडल्या गेल्या आहेत, म्हणून जुन्या पुस्तकांवर विसंबू नका. मालवणच्या सागरी अभयारण्यात, जे १९८७ साली जाहीर झालं, कुठलाच जीव उचलायचा नाही, साधा शंखसुद्धा नाही. तुमच्या किनाऱ्याबद्दल शंका असेल तर वनविभागाच्या कांदळवन कक्षाला किंवा तालुक्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारून घ्या. गावच्या कोळीवाड्यातही आधी बोला. ओहोटीला कोयतीने कालवं काढणाऱ्या बायकांची पोटापाण्याची जागा तीच असते.

कायद्यापलीकडे धोक्याची यादी वेगळी. कोन शंख, म्हणजे आइस्क्रीमच्या कोनासारखा, एका बाजूला सपाट आणि सुंदर नक्षीचा, रिकामा वाटला तरी हातात घेऊ नका. त्याच्या सोंडेतून विषारी दात सुटतो आणि तो माणसाचा जीवही घेऊ शकतो. डबक्याच्या कडेला गालिचासारखे पसरलेले, बटणाएवढ्या तोंडांचे झोअँथिड दिसतील. त्यांच्यातल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं. त्यांवर पाय देऊ नका, खरवडू नका, आणि ते चिकटलेला दगड घरी आणून उकळण्याचा प्रकार तर मुळीच करू नका, त्या वाफेनेही माणसं आजारी पडली आहेत. ऑक्टोपस, शिंगाळा, पाकट आणि खडकासारखा दिसणारा काटेरी मासा यांच्यापासून हात दूर.

उरतात ते संरक्षित नाहीत, धोकादायकही नाहीत, पण तुमच्याकडे उपाशी मरतील असे. कालवं आणि शिंपल्या पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून खातात. टाकीच्या स्वच्छ पाण्यात त्यांना महिना-दोन महिन्यांत उपासमार होते आणि एक मेलेलं कालव रात्रीत सगळं पाणी नासवतं. तारामासे आणि समुद्रफुलं याच कारणाने नकोत. रंगीत गोगलगायींसारखे न्युडिब्रँक तर बहुतेक एकाच जातीच्या स्पंजावर किंवा समुद्रफुलावर जगतात. ते अन्न तुम्ही कुठून आणणार?

दिवस आणि वेळ

पाऊस संपल्यावर, नोव्हेंबर ते मे. ऑक्टोबरात पाणी अजून निवळत असतं.

उधाणाच्या ओहोटीला पाणी सगळ्यात मागे जातं आणि उधाण अमावस्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी जोर धरतं. भरतीची वेळ काढायला जुना हिशोब आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो. तृतीया असेल तर ३ ची पाऊणपट सव्वादोन, म्हणजे सव्वादोनच्या सुमाराला पूर्ण भरती आणि त्याआधी सव्वासहा तासांनी, सकाळी आठला, पूर्ण ओहोटी. वद्य पक्षात तिथी पुन्हा एकपासून मोजायची. हा हिशोब दिवस ठरवायला पुरेसा आहे. नेमकी वेळ गावागावाला पुढे-मागे होते, ती भरती-ओहोटीच्या तक्त्यातच बघा. मुंबईच्या तक्त्यात ओहोटीची उंची ०.८ मीटरच्या खाली असेल तो दिवस चांगला. द्वितीया ते चतुर्थी हे दिवस नवख्यांना सोयीचे, ओहोटी सकाळी सात ते नऊच्या दरम्यान येते आणि ऊन चढायच्या आत काम उरकतं.

ओहोटी पूर्ण होण्याआधी दीड तास खडकावर उतरा, पाण्याच्या मागोमाग खाली जा, आणि पाणी वळलं की परत फिरा. पहिल्या तासात भरती अगदी हळू येते, त्यामुळे माणूस गाफील राहतो. तिसऱ्या-चौथ्या तासात ती सगळ्यात वेगाने चढते. तुमच्या मागची घळ आधी भरते, समोरचं पाणी तेव्हा अजून लांबच दिसत असतं. एकट्याने जाऊ नका.

बरोबर काय न्यायचं

घट्ट झाकणाची दहा लिटरची पांढरी बादली (पांढऱ्यात जीव स्पष्ट दिसतो), बॅटरीवरचा हवापंप, मऊ जाळी, चार-पाच रुंद तोंडाच्या प्लास्टिकच्या बरण्या, थर्मामीटर, रिफ्रॅक्टोमीटर, थर्माकोलचा डबा आणि बर्फाच्या दोन बंद बाटल्या. पायात मागून बंद, पकड असलेले रबरी बूट. कालवांच्या कडा ब्लेडसारख्या कापतात आणि हिरव्या शेवाळावर साधी चप्पल टिकत नाही. जाड हातमोजे. कापलंच तर लगेच गोड्या पाण्याने आणि साबणाने धुवा. जखम सुजली, लाल झाली किंवा ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. मधुमेह असलेल्यांनी तर वाटच बघू नये, खाऱ्या पाण्यातले काही जिवाणू फार वेगाने पसरतात. पाकटाचा किंवा शिंगाळ्याचा काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात, ४० ते ४५ अंशांच्या, तो भाग अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा आणि दवाखान्यात दाखवा.

डबक्यापाशी

वाकून लगेच हात घालू नका. दोन मिनिटं सावली पडणार नाही असे बसा. पहिल्या मिनिटात डबकं रिकामं वाटतं. मग एक ‘दगड’ सरकतो, तो शंखातला खेकडा. वाळूवर दोन डोळे वर येतात, तो बोटभर लांबीचा गोबी मासा. काचेसारखी पारदर्शक कोळंबी तिच्या हलत्या मिशांवरून कळते.

दगड उलटायचाच असेल तर पलीकडची कड आपल्याकडे उचला, म्हणजे खालून निसटणारा जीव तुमच्यापासून लांब जाईल. दगडाच्या दोन्ही बाजू नीट बघा. वरची हिरवी आणि उन्हाला सरावलेली, खालची फिकट, ओली, पांढऱ्या नळ्यांतल्या किड्यांनी, स्पंजाच्या साईने आणि कधी माशाच्या अंड्यांच्या पिवळसर थराने भरलेली. दगड उलटा ठेवून गेलात तर खालची बाजू तासाभरात उन्हाने मरते आणि वरचं शेवाळं अंधारात सडतं. होता तसा, हळूच, त्याच खाचेत परत ठेवा. एका सकाळी उलटे पडलेले वीस दगड म्हणजे किनाऱ्याची वर्षभराची हानी, इतकं हे गंभीर आहे.

पहिल्या फेरीत १०० लिटरच्या टाकीसाठी एवढंच घ्या: शेवाळं खाणारे सहा शंख आणि सुपारीहून लहान शंखातले चार खेकडे. बस्स. दोन महिने सगळं सुरळीत गेलं तर पुढच्या हंगामात दोन पारदर्शक कोळंब्या आणि एक गोबी. एका डबक्यातून एका जातीचे दोनपेक्षा जास्त घेऊ नका. पोटाखाली अंडी धरलेली मादी तशीच सोडा.

शंख ओळखताना त्याचं तोंड बघा. अर्धगोल, जाड, अर्धचंद्रासारख्या तोंडाचा तो नेरिटा. पगडीसारखा गरगरीत, तोंडाला पांढऱ्या चुनखडीचं गोल झाकण असलेला तो टर्बो कुळातला. हे दोन्ही शेवाळं खातात आणि टाकीत छान राहतात. मात्र तोंडाच्या खालच्या टोकाला खाच किंवा पन्हळ दिसली तर सावध. त्या पन्हळीतून शंख पाणी हुंगत भक्ष्य शोधतो, तो बहुधा मांसाहारी. थायस नावाने ओळखले जाणारे गाठीगाठींचे, दोन्हीकडे निमुळते शंख असेच. ते दुसऱ्या शंखाला भोक पाडून आतला जीव खातात आणि टाकीत एकेक नेरिटा संपवतात. सेरिथियम हा लांबट, मनोऱ्यासारखा शंख तेवढा या नियमाला अपवाद. त्याला छोटी खाच असते, तरी तो वाळूवरचं शेवाळं खाणारा गरीब जीव आहे.

खेकड्यांत शंखात राहणारेच घ्या. पाठ सपाट आणि मागचे पाय वल्ह्यासारखे असतील तो पोहणारा खेकडा, तो आज नखाएवढा दिसला तरी काही महिन्यांत सगळ्यांना खाऊन टाकतो. दगडाखालून ‘टक्’ असा आवाज आला तर ती चिमटा वाजवणारी कोळंबी. तीही नको, लहान मासे मारते.

निघण्याआधी त्या डबक्याचा खारटपणा आणि तापमान मोजून लिहून ठेवा. घरी लागेल.

घरापर्यंत

शंख आणि शंखातले खेकडे पाण्यात घालून नेऊ नका, हे नवख्यांना खरं वाटत नाही. लहान बादलीत प्राणवायू संपतो, अमोनिया साठतो आणि एक मेला की सगळेच जातात. त्यापेक्षा समुद्राच्या पाण्यात भिजवून पिळलेल्या सुती कापडाच्या घड्यांत त्यांना वेगवेगळं गुंडाळा आणि भोकं पाडलेल्या बरणीत ठेवा. ओहोटीला रोज पाण्याबाहेर राहणारे हे जीव असे सहा-आठ तास सहज काढतात. रत्नागिरीहून घाट चढून कोल्हापूर किंवा पुण्याला जाण्याइतका हा वेळ आहे. कोळंबी आणि मासा मात्र पाण्यातच, निम्म्या भरलेल्या बादलीत, हवापंप चालू ठेवून, एका बादलीत तीनहून जास्त नाहीत. बर्फाच्या बाटल्या थर्माकोलच्या डब्यात बादलीच्या बाहेर ठेवा. बर्फ पाण्यात टाकला तर तापमानही कोसळतं आणि खारटपणाही. उन्हात उभी असलेली बंद गाडी म्हणजे भट्टी, जेवायला थांबलात तर डबा बरोबर घ्या.

घरी आल्यावर घाई करू नका. जीव थोड्या समुद्राच्या पाण्यासह छोट्या टबात ठेवा. हवापंपाच्या नळीला एक सैल गाठ मारा आणि टाकीतलं पाणी सेकंदाला दोन-तीन थेंब या वेगाने टबात पडू द्या. तासाभरात पाणी दुप्पट झालं की अर्धं फेकून पुन्हा तेच करा. खारटपणातला फरक ०.००१ च्या आत आला की जाळीने उचलून टाकीत सोडा. टबातलं पाणी टाकीत ओतू नका. त्या रात्री दिवा बंद. मासा असेल तर तो थेट या टाकीत नको, वेगळ्या छोट्या टाकीत चार आठवडे ठेवा. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके येतात ते याच काळात कळतं.

रोजचं काम आणि बिघाड

वाफ होते ती पाण्याची, मीठ मागे उरतं. म्हणून घट भरून काढायची ती आर.ओ.च्या गोड्या पाण्याने, खाऱ्या नव्हे. काचेवर पाण्याच्या पातळीला चिकटपट्टी लावा आणि रोज तेवढं भरा. एप्रिल-मेमध्ये पंखा लावला तर तापमान दोन-तीन अंशांनी उतरतं, पण दिवसाला लिटर-दीड लिटर पाणी उडतं. तो हिशोब विसरलात तर आठवड्यात टाकी खारट होते आणि सगळे शंख वर चढून बसतात. शंख पाण्याबाहेर जमले की आधी खारटपणा तपासा, मग अमोनिया. दर आठवड्याला दहा लिटर पाणी बदला. वीज जाते तिथे बॅटरीचा हवापंप टाकीशेजारीच ठेवा.

खेकड्यांना आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी हरभऱ्याच्या डाळीएवढा कोळंबीचा तुकडा. दोन तासांनी उरलेलं काढून टाका. नव्या टाकीत शेवाळं कमी असेल तर शंखांसाठी बिनमिठाचं, बिनमसाल्याचं वाळवलेलं समुद्रशेवाळ दगडाखाली अडकवा. उताणा पडलेला शंख सरळ करा, स्वतःहून उलटता न आल्याने कित्येक मरतात. सकाळी हलला नाही तर हुंगून बघा. मेलेल्याचा वास लपत नाही.

खेकडे वाढतात तसे त्यांना मोठे शंख लागतात, नाहीतर ते एकमेकांना घराबाहेर ओढतात. प्रत्येक खेकड्यामागे दोन-तीन रिकामे शंख, आताच्यापेक्षा थोडे मोठे, टाकीत ठेवा. ते किनाऱ्यावरून गोळा करू नका, तिथल्या खेकड्यांची घरं तीच असतात. नातेवाइकांच्या काचेच्या कपाटात वर्षानुवर्षं पडलेले, रंग किंवा पॉलिश न लावलेले साधे शंख मागून आणा, उकळून वापरा. संरक्षित जातीचे मोठे शंख तिथेही निघू शकतात, ते बाजूला ठेवा.

दुकानातून आणलेला मासा किंवा दगड एकदा या टाकीत गेला की इथला कुठलाही जीव पुन्हा समुद्रात सोडायचा नाही. त्याच्याबरोबर परका रोग किंवा परकी जात किनाऱ्यावर जाते. टाकी बंद करायची झाली तर दुसऱ्या खाऱ्या टाकीवाल्याला द्या. हे उचलण्याआधीच ठरलेलं असावं.

आणि एखाद्या सकाळी वाळूवर अख्खा खेकडा, पाय-मिशांसह, शंखाबाहेर पडलेला दिसेल. लगेच काढून टाकू नका. हलका, पोकळ, पारदर्शक असेल आणि वास नसेल तर ती टाकलेली कात आहे. खेकडा दगडामागे मऊ अंगाने लपलेला असतो आणि दोन-चार दिवस खायलाही बाहेर येत नाही. कात तिथेच राहू द्या. बाहेर आल्यावर तो ती खातो आणि नवं कवच घट्ट करायला लागणारं कॅल्शियम त्यातूनच परत मिळवतो.